साताऱ्या-सांगलीकडची गावं पाहायची तर कामाच्या हंगामात जा

सुट्टी मिळाली की लोक महाबळेश्वर करतात, कास करतात, येताना कंदी पेढे घेतात आणि सातारा पाहून झाला असं धरतात. सांगलीच्या वाट्याला तेवढंही येत नाही. गणपतीचं दर्शन, भडंगाची पाकिटं, की गाडी कोल्हापूरकडे वळली. ज्यांना खरोखर गाव पाहायचंय, तिथली माणसं काय करतात, कशी करतात आणि कधी करतात हे समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

माझं सांगणं एकच आहे: ठिकाणं निवडू नका, काम निवडा. दुपारी बारा वाजता कुठल्याही गावात पोहोचलात तर पारावर चार म्हातारी माणसं दिसतील आणि बाकी दारांना कड्या. माणसं रानात असतात. तेच गाव गुऱ्हाळ पेटल्यावर, हळद शिजताना किंवा लोकर कातरण्याच्या दिवसांत गाठलं, तर दाखवायला कुणाची गरज लागत नाही. काम चालू असतं, आपण शेजारी बसायचं.

आधी पट्टा ओळखा

या दोन जिल्ह्यांत पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला ५०० च्या आसपास. पीक, घर, जेवण, जनावर, देव, सगळं या फरकाने बदलतं.

पश्चिमेचा डोंगरी पट्टा म्हणजे महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगलीतलं शिराळा. इथे भात, नाचणी, मध, स्ट्रॉबेरी. मधला कृष्णाकाठ म्हणजे वाई, कराड, वाळवा, पलूस, मिरज. काळी जमीन, ऊस, हळद, द्राक्षं. पूर्वेचा कोरडा पट्टा म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ. बाजरी, शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, मेंढरं, खिलार बैल आणि घोंगडी. पहिल्यांदाच जाणार असाल तर तिन्ही पट्टे एका दमात करायला जाऊ नका. दोन पुरेत. त्यातही मी पूर्वेचा पट्टा आवर्जून घ्यायला सांगेन, कारण तिकडे कुणी फिरकत नाही आणि पाहुण्याला वेळ देणारी माणसं तिथे जास्त भेटतात.

मग महिना ठरवा

जून-जुलैत दोन गोष्टी एकदम चालू असतात. डोंगरी पट्ट्यात भाताची चिखलणी आणि रोपलावणी, आणि फलटणच्या बाजूला ज्ञानेश्वर माउलींची पालखी. नीरा नदीत पादुकांचं स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. रिंगण पाहायचं असेल तर सकाळीच पोहोचा. रस्ते बंद होतात आणि शेवटचे काही किलोमीटर पायीच जावं लागतं. आषाढात याच भागात बेंदूर असतो. श्रावणातला पोळा बाकी महाराष्ट्राचा, इकडचा बैलांचा सण बेंदूर. त्याच्या आधीच्या आठवड्यात कुंभारवाड्यात मातीचे बैल तयार होत असतात. कुंभारकाम पाहायला तो आठवडा चांगला.

दिवाळीनंतर मधल्या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटतात ती साधारण मार्चपर्यंत चालतात. डिसेंबर-जानेवारीत माण, खटाव, जतच्या बाजूला हुरडा. जानेवारी ते मार्च हळदीची काढणी आणि शिजवणी. फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भागात बेदाण्याची शेडं भरलेली असतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा.

एकच सहल करायची असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ घ्या. हवा बरी असते, गुऱ्हाळ चालू असतं, हळद निघत असते, पूर्वेकडे शाळू उभा असतो, बेदाणा सुरू झालेला असतो. मे महिन्यात मात्र लहान मुलांना घेऊन पूर्वेकडे जाऊ नका. ऊन सोसत नाही आणि काही गावांत पाण्याचीही ओढ असते.

ओळख काढल्याशिवाय निघू नका

ही पायरी लोक टाळतात, आणि मग गावात जाऊन काही दिसलं नाही म्हणतात. मराठी माणसाला या दोन जिल्ह्यांत ओळख निघत नाही असं सहसा होत नाही. ऑफिसातला सहकारी, सोसायटीतला वॉचमन, दूधवाला, कुणाचं तरी आजोळ कराडला नाहीतर विट्याला असतंच. खानापूर, आटपाडी, तासगावकडची कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यामुळे तुम्ही दिल्लीत राहत असाल तरी सराफ बाजारात विटेकर भेटेल. त्याला गावाचं नाव विचारा, घरी कोण असतं विचारा, एक फोन करायला सांगा. "आमचे पाव्हणे येणार आहेत, जरा बघा" एवढं वाक्य पुरतं.

काहीच ओळख नसेल तर ग्रामपंचायतीत जा. सरपंच नसले तरी शिपाई असतोच, आणि गावातली कुणाच्या घरी काय चालतं याची सगळ्यात पक्की माहिती त्याच्याकडे असते. दुसरी जागा म्हणजे दूध संकलन केंद्र. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पुन्हा त्याच वेळेला निम्मं गाव किटल्या घेऊन तिथे येतं. दुधाची फॅट मोजून होईपर्यंत माणसं उभी असतात, बोलायला मोकळी असतात. मंदिरापेक्षा, पारापेक्षा मी डेअरीलाच पसंती देईन.

कृषी पर्यटन केंद्रं हाही एक मार्ग आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि त्यानंतर नोंदणी केलेली केंद्रं वाढली. कुटुंबाला घेऊन जायचं, स्वच्छ संडास-बाथरूम हवं, तर ही सोय चांगली. फक्त बुकिंग करताना एक प्रश्न विचारा: आम्ही येऊ त्या दिवसांत रानात नेमकं कुठलं काम चालू असेल? उत्तरात बैलगाडीची फेरी आणि रेन डान्स असेल तर दुसरं केंद्र बघा.

जायचं कसं, राहायचं कुठे

पुणे-मिरज रेल्वेमार्ग या सगळ्या भागाच्या मधून जातो. लोणंद, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज अशी स्टेशनं लागतात. सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे हे लक्षात ठेवा, तिथून रिक्षा करावी लागते. मिरज मोठं जंक्शन आहे आणि मिरजेहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या मार्गावर कवठे महांकाळ, ढालगाव ही पूर्वेकडची स्टेशनं येतात.

स्टेशनपासून पुढे एसटी. गावात मुक्कामी गाडी येते का हे आगारात आधी विचारा. संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे निघणारी ती गाडी. तिच्यातून गेलात तर बाजार करून परतणारं गावच सोबत असतं आणि उतरेपर्यंत दोन-तीन घरांचं आमंत्रण मिळून जातं. स्वतःची गाडी असेल तर गावाबाहेर, देवळापाशी किंवा शाळेच्या मैदानाजवळ लावा. बोळात घालू नका, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली की सगळा खोळंबा होतो.

राहण्यासाठी तालुक्याच्या गावी लॉज मिळतात. कुणाच्या घरी राहायचा योग आला तर टाळू नका, पण झोपायला पडवी, माडी, गच्ची जे मिळेल ते घ्यायची तयारी हवी. चादर आणि टॉर्च आपली आपण न्या.

गावात गेल्यावर पहिला तास

कॅमेरा पिशवीतच राहू द्या. समोर येईल त्याला "रामराम" घाला. थोरल्या माणसाला आबा, तात्या, अण्णा, बायकांना मावशी, अक्का, काकू. पुढचा प्रश्न ठरलेला आहे: "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" त्याचं उत्तर पुणे किंवा मुंबई असं देऊन थांबू नका. मूळ गाव सांगा, आजोळ सांगा. त्यातून कुणीतरी सोयऱ्याचा धागा काढतो आणि तिथून पुढे तुम्ही परके राहत नाही.

चहा येईल. नको म्हणू नका. साखरेचा त्रास असेल तर "बिनसाखरेचा चालंल" असं सरळ सांगा, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. चप्पल सोप्याच्या पायरीखाली काढा. स्वयंपाकघरात आणि देवघरात बोलावल्याशिवाय जाऊ नका. कुणाची जात विचारू नका, आणि काम विचारताना "तुम्ही कोण?" असं न विचारता "हे काम घरात कधीपासून चालतं?" असं विचारा. माणूस आपणहून सगळं सांगतो.

मिरज: जवारी लागेपर्यंत बसा

आता कामांकडे येतो, आणि सुरुवात मिरजेपासून, कारण तिथे हंगामाची अट नाही. मिरज हे शहर आहे, पण तंतुवाद्यांचं काम घराघरांतून, पिढीजात चालतं. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. त्यांच्या वंशजांची दुकानं आजही सतारमेकर गल्लीत आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

गल्लीत सकाळी दहानंतर जा. दुकानाच्या दर्शनी भागात तयार वाद्यं टांगलेली असतात, खरं काम मागच्या खोलीत किंवा माडीवर चालतं. आधी विचारा, "काम बघितलं तर चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतात. भोपळ्यांपासून बघायला सुरुवात करा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, मुद्दाम वाद्यांसाठीच पिकवलेले. वाळलेला भोपळा कापून, भिजवून, आतला गर-बिया काढून साफ करतात. मग त्याला गळा आणि दांडी जोडतात, वर तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी पाटी, बसवतात. लाकूड बहुतकरून तून जातीचं. त्यानंतर खुंट्या, नक्षी, पॉलिश. एक वाद्य पुरं व्हायला कित्येक आठवडे जातात आणि ते एका हातचं नसतं. कुणी लाकूड जोडतो, कुणी नक्षी करतो, कुणी फक्त पॉलिश.

वेळ काढून पाहावं ते जवारीचं काम. तबलीवर जी घोडी असते, जिच्यावरून तारा जातात, तिचा वरचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर घासत थरथरली की तानपुऱ्याचा तो भरलेला, झणझणता आवाज येतो. कारागीर तार छेडतो, ऐकतो, तार बाजूला करतो, बारीक कानशीने घोडीवर दोन-तीन हलके हात मारतो, पुन्हा तार चढवतो, पुन्हा ऐकतो. आवाज आधी कोरडा असतो. मग तो तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो आणि केसाएवढा पुढे-मागे करत राहतो. एका जागी धागा येतो आणि एका तारेतून अनेक सूर एकदम उलगडतात. याचं माप कुठे लिहिलेलं नाही, ते कारागिराच्या कानात आहे. तो ऐकत असताना एक शब्दही बोलू नका. प्रश्न नंतर विचारा.

शिकणाऱ्या मुलासाठी वाद्य घ्यायचं असेल तर गायक बाईचा की पुरुषाचा तानपुरा हवा, पट्टी कुठली, हे गुरूंना विचारून जा. पुरुषी तानपुरा मोठा असतो, बायकी लहान. दर विचारून मुळावर घाव घालणारी घासाघीस करू नका. आठवड्यांच्या मेहनतीची किंमत आहे ती. परवडत नसेल तर तसं सांगा, लहान वाद्य किंवा दुरुस्त केलेलं जुनं वाद्य तेच दाखवतात.

मिरजेत असताना ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारल्यावर त्यांना या दर्ग्याच्या आवारात पुरलं. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि मोठमोठे कलाकार हजेरी लावतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असाच उत्सव असतो. वाद्य बनवणारे, वाजवणारे आणि ऐकणारे एकाच जागी पाहायचे असतील तर सहल या दोहोंपैकी एका वेळेला बेता.

माणदेश: घोंगडी

म्हसवड, दहिवडी, आटपाडी, जत या पट्ट्यात दख्खनी मेंढरं आणि त्यांच्या लोकरीवर घोंगडी. काम दोन हातांत वाटलेलं आहे. मेंढरं राखणं, लोकर कातरणं, सूत कातणं बहुतेक धनगर घरांत, आणि विणणं सणगरांच्या मागावर. आता विणणारी घरं फार थोडी उरली आहेत. मागावर बसणारा माणूस पन्नाशीच्या अलीकडचा दिसणं अवघड. त्यामुळे गावात जाण्याआधी फोनवर खात्री करा की माग चालू आहे आणि सूत लागलेलं आहे.

मेंढरं वर्षातून साधारण दोनदा कातरतात, आधी त्यांना पाण्यात धुऊन घेऊन. काळी, पांढरी, करडी लोकर वेगळी काढतात, पिंजतात आणि मग चरख्यावर कातून सूत होतं. पुढचा टप्पा खळीचा, आणि तो पाहायला मिळाला तर बाकी सगळं सोडून बघा. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून, शिजवून त्यांची चिकट खळ करतात. अंगणात किंवा बोळात ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, लांबलचक ताणून धरतात आणि कुंच्याने ती खळ सुतावर ओढत नेतात. एक माणूस या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. वास उग्र येतो, थोडा आंबूस. खळ सगळीकडे सारखी बसली नाही तर मागावर सूत तुटत राहतं, म्हणून हे काम करणारा माणूस घाई करत नाही. ऊन हवं, वारा फार नको. म्हणूनच हे सकाळी चालतं. नऊच्या आत पोहोचा.

माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो, हाताने धोटा फेकतो. तिथे वाकून फोटो काढताना ताण्यावर हात किंवा पदर टेकणार नाही याची काळजी घ्या.

विकत घेताना फसू नका. बाजारात घोंगडी म्हणून गिरणीतली ॲक्रिलिकची पांघरुणं सर्रास खपवली जातात. खरी घोंगडी टोचते, तिला मेंढराचा वास असतो, सूत एकसारखं जाडीचं नसतं. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि बोटात चुरली की राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि टणक गाठ बनतं. हे विणकराच्या समोर करायला हरकत नाही, खरं काम करणारा स्वतःच धागा काढून देतो. घरी आणल्यावर चार दिवस कडक उन्हात टाका, कपाटात ठेवताना कडुनिंबाचा पाला घाला, गरम पाणी आणि वॉशिंग मशीन यांच्यापासून लांब ठेवा.

दिवाळीनंतर अनेक धनगर कुटुंबं मेंढरं घेऊन चाऱ्यामागे बाहेर पडलेली असतात. कृष्णाकाठच्या शेतांत त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह टाकलेले उघड्यावरचे तळ, दिसतात. शेतकरी रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवून घेतात. अशा वाड्यावर जायचं तर संध्याकाळी, लांबूनच हाळी देऊन. कुत्री तयारीची असतात, माणूस पुढे येऊन घेऊन गेल्याशिवाय आत शिरू नका. आणि जाताना बायका-पोरांसाठी काहीतरी खाऊ न्या, चहापत्ती-साखर सगळ्यात उपयोगी.

गुऱ्हाळ आणि हळद

कराडच्या बाजूला गुऱ्हाळ शोधायला धूर पुरतो. पहाटे पहिली काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चढते तेव्हा जा. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवणात चिपाडं जळत असतात. रस तापला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. पुढचं सगळं गुळव्यावर. पाक कधी झाला हे तो थेंब पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून ठरवतो. थोडा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. पाक वाफ्यात ओतला की हालवत हालवत गार करतात आणि मग ढेपा भरतात.

ओतण्याच्या वेळी माणसं काहील उचलून धावतात. त्या वाटेत उभं राहायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही. हा नियम एकदाही मोडू नका.

गूळ घेताना पिवळाधमक मागू नका. तो रंग आणायला बऱ्याच ठिकाणी हायड्रॉस पावडर हे रसायन टाकतात. तांबूस-काळपट गूळ घ्या, आणि काकवी हवी असेल तर बरणी बरोबर न्या, पाक घट्ट व्हायच्या आधी ती काढून देतात.

हळद पाहायची तर मिरज, वाळवा, कडेगाव तालुक्यातली रानं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काढलेली हळद गड्डे आणि हळकुंडं वेगळी करून शिजवतात, दोन आठवडे उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. शिजवणीच्या वेळी पांढरा कपडा घालून जाऊ नका. त्यानंतर सकाळी सांगली मार्केट यार्डात सौदे बघायला जा, कोपऱ्यात उभं राहून. सांगलीलगत हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांचं फार नुकसान झालं आणि आता गोदामं, शीतगृहं आली. संगमेश्वराच्या देवळात एखाद्या जुन्या माणसाशी बोलून पेवांची जागा विचारा. उघडं पेव दिसलं तर त्यात वाकू नका, आत कोंडलेली हवा जीवघेणी असते.

जत्रा

प्रत्येक गावाची जत्रा असते, पण काही मुद्दाम गाठाव्यात. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ, त्याच महिन्यात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि खिलार जनावरांचा बाजार. पौषात पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न, भंडाऱ्याने सगळा तारळीकाठ पिवळा. रंगपंचमीला वाईजवळ बावधनचं बगाड, सोनेश्वरापासून गावापर्यंत बैलजोड्यांनी ओढत आणलेलं. कडेगावला मोहरमचे उंच ताबूत, गावातले हिंदू-मुसलमान मिळून उभे करतात. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी पाहायला जाणार असाल तर न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे नागाच्या प्रतिमेची पूजा होते हे माहीत असू द्या. कुणी पैसे घेऊन जिवंत साप दाखवतो म्हणाला तर नाही म्हणा.

जत्रेत पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा मटणाचा. शाकाहारी असाल तर पहिल्या दिवशी जा. दुपारच्या कुस्त्यांच्या मैदानाला बसाच, आणि रात्री छबिना निघतो तेव्हा ढोल-लेझीमवाल्यांच्या मागे चाला. माणदेशात गजी नाचणारे धनगर दिसले तर रिंगणाबाहेर थांबा, मध्ये शिरून सेल्फी काढणं त्यांना आवडत नाही. गर्दीच्या जत्रेत उतारावरचं देऊळ असेल तर ऐन पालखीच्या वेळी दर्शनाच्या रांगेत राहू नका. मांढरदेवीला २००५ मध्ये चेंगराचेंगरीत शेकडो माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

पैसे आणि फोटो

कारागिराचा अर्धा दिवस घेतलात तर काहीतरी विकत घ्या. घेण्यासारखं काही नसेल तर तिथल्या दराने अर्ध्या दिवसाची हजेरी द्या, पाकिटात घालून, घरातल्या थोरल्या बाईच्या हातात. जेवू घातलं त्या घरात मात्र पैसे काढू नका, अपमान वाटतो. लहान मुलाच्या हातावर खाऊला म्हणून ठेवा, किंवा शाळेला वह्या द्या. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी डोंगरात आणि माणात रेंज जाते, सुट्टे पैसे जवळ ठेवा.

फोटो आधी विचारून. तोंड लपवणाऱ्या बाईचा, आंघोळीच्या घाटावरचा, अंगात आलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही, कुणी हो म्हटलं तरी. व्हिडिओ टाकणार असाल तर घराचं नाव आणि नंबर टाकावा का हे त्यांनाच विचारा. काहींना गिऱ्हाईक हवं असतं, काहींना नको असतं.

चार दिवसांचा एक आराखडा

जानेवारी-फेब्रुवारी धरून. पहिल्या दिवशी साताऱ्याला उतरून लिंबची बारा मोटेची विहीर बघा. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली ही विहीर म्हणजे पाण्याचं काम किती देखणं करता येतं याचा पुरावा. मोटा कुठे लागायच्या ते वरच्या थारोळ्यांवर जाऊन बघा. रात्री मुक्काम साताऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी औंध. यमाईचा डोंगर आणि औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय, साप्ताहिक सुट्टी आधी विचारून. दुपारी दहिवडीमार्गे म्हसवड. तिसरा दिवस अख्खा मागापाशी किंवा वाड्यावर. बाजरीची भाकरी, म्हाद्या (शेंगदाण्याचं कालवण), हिरव्या मिरचीचा ठेचा हे तिथलं जेवण, ते मागून खा. संध्याकाळी आटपाडी, विट्यामार्गे कराड, रात्री धाब्यावर अख्खा मसूर. चौथ्या दिवशी पहाटे गुऱ्हाळ, मग कराडहून रेल्वेने मिरज, दुपारभर सतारमेकर गल्ली आणि रात्रीच्या गाडीने परत. एखादा दिवस वाढवता आला तर तो माणदेशातच वाढवा.

पाण्याची बाटली, टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, थंडीत स्वेटर, साधी औषधं आणि एक वही. मोबाइलवर टिपणं काढत बसलं की समोरचा माणूस बोलायचा थांबतो, वहीत लिहिलं की तोच स्पेलिंग सांगायला पुढे सरकतो.

परत आल्यावर आठवडाभरात फोटो छापून पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मुलाच्या फोनमध्ये राहतो, छापलेला भिंतीवर लागतो. पत्ता घेताना गाव, पोस्ट, तालुका आणि पिनकोड चारही लिहून घ्या, कारण एकाच नावाची वाडी तीन तालुक्यांत असते. घोंगडी किंवा तानपुऱ्याची ऑर्डर दिली असेल तर निम्मे पैसे आगाऊ द्या, तारखेसाठी महिना-दीड महिना जास्तीचा धरा, आणि पावसाळ्यात खळ वाळत नाही म्हणून घोंगडीची मागणी दिवाळीनंतरच नोंदवा.